कॅथरिना आणि पेट्रुकियो : एका संसाराचा रंगेतिहास

१६३३ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ह्याच्या दरबारात एका दिवसाच्या अंतराने दोन नाटकांचे प्रयोग झाले. २६ तारखेस शेक्सपिअरचे 'द टेमिंग ऑफ द श्रू' झाले आणि २८ तारखेस जॉन फ्लेचरचे 'द टेमर टेम्ड'. पहिल्यात पेट्रुकियो नावाचा गृहस्थ एका कजाग मुलीशी लग्न करून तिला ताळ्यावर आणतो. दुसऱ्यात तोच पेट्रुकियो विधुर झाल्यावर दुसरे लग्न करतो आणि नवी बायको मरिया त्यालाच ताळ्यावर आणते. दरबारी खेळांचा अधिकारी सर हेन्री हर्बर्ट ह्याने आपल्या टिपणवहीत पहिले नाटक आवडल्याची आणि दुसरे फारच आवडल्याची नोंद केली आहे. शेक्सपिअरला जाऊन त्या वेळी सतरा वर्षे झाली होती. परंतु त्याने रंगभूमीवर मांडून दिलेला संसार दुसऱ्याने हाती घेऊन पुढे चालवावा ही प्रथा त्याच्या हयातीतच, १६११ च्या सुमारास, फ्लेचरने हे नाटक लिहून पाडली होती. ती पुढे कधीच थांबली नाही.

ह्या सुखात्मिकेविषयीची बहुतेक टीका एकाच जागी येऊन अडते. पाचव्या अंकाच्या अखेरीस कॅथरिना पत्नीधर्मावर चव्वेचाळीस ओळींचे भाषण करते. ते ती मनापासून करते की ओठांतल्या ओठांत हसून करते, ह्यावर विद्वानांनी दोन तट पाडले आहेत. प्रस्तुत लेखकास हा वाद चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. ह्या नवराबायकोच्या नात्यात जो पालट होतो तो भाषणाच्या आधी, पाद्वाच्या वाटेवर होतो. आणि पुढच्या साडेतीन शतकांत नाट्यगृहांनी जी काटछाट केली, जी भर घातली, तिचा रोख बहुधा ह्याच पालटावर राहिला आहे. पालट लपवावयाचा, सौम्य करावयाचा की उलटवावयाचा, एवढाच फरक.

नाटकातली हकीकत आरंभापासून पाहिली पाहिजे. पाद्वातला धनिक बाप्टिस्टा ह्याला दोन मुली. धाकटी बियांका गोड बोलणारी, म्हणून तिच्याभोवती मागणी घालणाऱ्यांची दाटी. थोरली कॅथरिना फटकळ, म्हणून तिला कोणी विचारीत नाही. थोरलीचे झाल्याखेरीज धाकटीचे करावयाचे नाही, हा बापाचा निश्चय. ही अडचण आपल्याकडील वाचकांस समजावून सांगावयास नको. कॅथरिना बहिणीचे हात बांधते, शिकवणीस आलेल्याच्या डोक्यात वाद्य घालते. पण हे ध्यानात घ्यावयास हवे की ती ज्या घरात ओरडते त्या घरात तिच्याविषयी सगळे बोलतात, तिच्याशी कोणी बोलत नाही. पेट्रुकियो व्हेरोनाहून येतो तो पैशासाठी, आणि तसे तो उघड सांगतो. वीस हजार क्राउन आणि बाप्टिस्टाच्या पश्चात त्याची अर्धी जमीन, एवढा व्यवहार मुलगी दृष्टीस पडण्यापूर्वीच ठरतो. पहिल्या भेटीत दोघांची जुगलबंदी होते, ती त्याला एक थप्पड मारते, पुन्हा मारशील तर मीही मारीन असे तो बजावतो. तो मारीत मात्र नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास छापलेल्या एका इंग्रजी पद्यकथेत नवरा कजाग बायकोला छड्यांनी रक्तबंबाळ करून मोरेल नावाच्या म्हाताऱ्या घोड्याच्या खारवलेल्या कातड्यात गुंडाळतो. त्या काळच्या प्रेक्षकाला अशा कथा ठाऊक होत्या. त्यांच्याशेजारी ठेवून पाहिले म्हणजे शेक्सपिअरने काय गाळले ते कळते.

ह्याच भेटीच्या शेवटी एक लहानशी गोष्ट घडते, आणि माझ्या समजुतीने सगळ्या नाटकाची किल्ली तिच्यात आहे. कॅथरिना सर्वांदेखत लग्नास नकार देते. तेव्हा पेट्रुकियो निर्विकारपणे सांगतो की आमच्या दोघांत ठरलेच आहे, चारचौघांत तिने पूर्वीसारखेच कजाग वागावयाचे, एकांतात ती प्रेमळच आहे. हे धडधडीत खोटे आहे. कॅथरिना त्यावर काही बोलत नाही. नाटककाराने तिला ह्या ठिकाणी एकही वाक्य दिलेले नाही, आणि तिच्या त्या मौनातच लग्न ठरून जाते. पण एकांतात एक आणि चारचौघांत दुसरे, हा जो खोटा करार पेट्रुकियोने त्या दिवशी रचला तोच पुढे खरा होतो. लग्नाची सुरुवात थापेने होते आणि शेवटी संसार त्या थापेवरच उभा राहतो.

लग्नाच्या दिवशी तो उशिरा येतो, फाटके आणि विजोड कपडे घालून. देवळात धर्मगुरूला ठोसा लगावतो. मेजवानीला न थांबता, ही माझी मालमत्ता आहे, माझे घर, माझा बैल, माझे गाढव आहे, असे म्हणत नवरीला ओढून नेतो. बायबलातील दहाव्या आज्ञेतली यादीच तो तिच्यावर लादतो. वाटेत घोडा चिखलात पडतो, आणि नवऱ्याच्या घरी पोहोचल्यावर खरा छळ सुरू होतो. वाढलेले अन्न जळले आहे म्हणून फेकून द्यावयाचे, अंथरूण नीट नाही म्हणून विस्कटून टाकावयाचे, आणि हे सगळे तिच्या काळजीपोटी! कॅथरिनाला उपासापेक्षा हेच अधिक लागते की हा माझ्या प्रेमाचे निमित्त करून मला उपाशी ठेवतो. शिंपी नवा झगा आणतो, टोपीवाला टोपी आणतो; दोन्ही वस्तू तिला आवडतात आणि दोन्ही परत जातात. मला बोलू दिले नाही तर माझे काळीज फुटेल, असे ती ह्याच प्रवेशात सांगते, आणि तिच्या मुखी आलेल्या उद्गारांत ह्याहून खरा उद्गार नाही.

पेट्रुकियो आपली रीत प्रेक्षकांना स्वगतात सांगतो: बहिरी ससाणा जसा उपाशी ठेवून, जागवून माणसाळवितात तशी मी हिला माणसाळविणार. ह्या उपमेचा राग यावा हे योग्यच आहे. तथापि ससाणा माणसाळविणाऱ्याला पक्ष्याबरोबर स्वतःही जागावे लागते, आणि पेट्रुकियोही त्या रात्री जेवत नाही की झोपत नाही. शिवाय ससाण्याला माणसाळवितात ते पिंजऱ्यात बसवून ठेवण्यासाठी नव्हे. तो हातावरून उडावा आणि परत यावा म्हणून. हे सांगितल्याने छळ कमी होत नाही. उपाशी राहण्याची मुभा ज्याच्या हाती कोठाराच्या किल्ल्या असतात त्याला असते. जिच्या हाती नसतात तिला ते भोगावे लागते.

आता पाद्वाची वाट. माहेरी निघालेल्या कॅथरिनाला भर दुपारी पेट्रुकियो म्हणतो, चंद्र किती छान पडला आहे. ती सूर्य म्हणते, तो घोडे मागे फिरवा म्हणतो, आणि ती नमते. तू म्हणशील तर चंद्र, तू म्हणशील तर सूर्य, हवे तर मेणबत्तीसुद्धा. मेणबत्ती त्याने मागितलेली नव्हती! ही भर तिची स्वतःची आहे. एवढ्यात समोरून व्हिन्सेन्शिओ नावाचा वृद्ध गृहस्थ येतो. पेट्रुकियो त्याला सुंदर तरुणी म्हणून हाक मारतो. कॅथरिना केवळ होकार देऊन थांबत नाही. ती त्या म्हाताऱ्याच्या कोवळ्या रूपाचे, त्याला जन्म देणाऱ्या आईबापांचे आणि ज्याला ही मिळेल त्या भाग्यवंताचे असे वर्णन करते की पेट्रुकियोचा विनोद फिका पडावा. तो लगेच उलटतो: हा तर सुरकुतलेला म्हातारा. ती क्षमा मागते आणि म्हणते, सूर्यामुळे माझे डोळे दिपले होते. ज्या सूर्यावरून आताच भांडण झाले तो सूर्य तिने हळूच परत जागेवर बसविला. पेट्रुकियोने ज्याला वठणीवर आणणे म्हटले त्याचे कॅथरिनाने खेळात रूपांतर केले, आणि खेळ म्हटला की त्याला दुसरा खेळगडी लागतोच. पुढच्याच अंकात भर रस्त्यात तो चुंबन मागतो, ती लाजते, मग देते आणि पहिल्यानेच त्याला प्रेमाचे संबोधन लावते.

ह्यानंतरची पैज आणि भाषण ह्या प्रकाशात वाचली पाहिजेत. तिन्ही नवपरिणीत पुरुष पैज लावतात की कोणाची बायको हाक मारताच येते. बियांका येत नाही, विधवेशी लग्न केलेल्या होर्टेन्शिओची बायको येत नाही, कॅथरिना येते. पैज वीस क्राउनांवरून शंभरांवर गेलेली असते, आणि आनंदित झालेला बाप्टिस्टा आणखी वीस हजारांचा हुंडा वर देतो, जणू ही दुसरीच मुलगी आहे. जिचे बोलणे नाटकभर तोडले गेले तिला आता नाटकातले सर्वांत लांब भाषण मिळते, आणि ते कोणी मध्येच तोडीत नाही. त्यात ती नवऱ्याच्या कष्टांचे चित्र रंगविते: तो जमिनीवर आणि समुद्रावर थंडीवाऱ्यात राबतो आणि बायको घरी उबेत सुरक्षित राहते. नाटकभर पेट्रुकियोने हुंडा आणि पैज ह्यांखेरीज कशासाठी कष्ट केल्याचे आपल्याला दिसलेले नाही. ज्या नवऱ्याची ती स्तुती करते तो नवरा त्या दिवाणखान्यात कुठेच नाही.

मग हे नाते मुक्त झाले म्हणावयाचे काय? तसे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोघे मिळून खेळतात हे खरे, पण खेळाचे नियम उपाशी ठेवून शिकविले गेले. शेक्सपिअरने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि त्यांतली एकही पुसून टाकली नाही. १६२३ च्या संकलित आवृत्तीत तर नाटकाला चौकटही पुरी नाही. हे सगळे स्लाय नावाच्या दारुड्या कल्हईवाल्यापुढे चाललेले नाटक आहे असे आरंभी सांगितले जाते, आणि स्लाय पुढे कुठे नाहीसा होतो ते कळत नाही. १५९४ साली छापलेल्या, ह्याच कथेच्या दुसऱ्या एका नाटकात मात्र स्लाय अखेरीस जागा होतो आणि स्वप्नात शिकलेली विद्या बायकोवर चालविण्यासाठी घरी निघतो. ती विद्या घरी किती चालेल ह्याची प्रेक्षकाला शंका यावी, अशीच ती योजना आहे.

रंगभूमीला हा उघडा शेवट सोसला नाही. फ्लेचरने उलटा डाव मांडला हे वर आलेच. १६६० नंतर इंग्लंडात स्त्रिया रंगमंचावर येऊ लागल्या, आणि सात वर्षांतच जॉन लेसीने 'सॉनी द स्कॉट' ह्या नावाने ही कथा गद्यात उतरवून लंडनमध्ये आणली. पेप्सने एप्रिल १६६७ मध्ये ते पाहिले. लेसीच्या नाटकात नायिका माहेरी परतल्यावर पुन्हा बंड करते आणि बोलेनाशी होते. तेव्हा नवरा तिला दाढदुखी झाली आहे असे ठरवून दात उपटावयास न्हावी बोलावतो, आणि तरीही ती बोलत नाही म्हणून मेली असे जाहीर करून तिरडी मागवितो. वाटेवरचा तो खेळ येथे औषधालाही उरला नाही.

डेव्हिड गॅरिकने १७५४ साली केलेले 'कॅथरिन अँड पेट्रुकियो' हे तीन अंकी रूपांतर अधिक विचार करण्यासारखे आहे, कारण सुमारे शंभर वर्षे इंग्रजी प्रेक्षकाने शेक्सपिअर म्हणून तेच पाहिले. गॅरिकने स्लायला रजा दिली, बियांकाचे प्रेमप्रकरण गाळले, आणि त्याबरोबर तिघा नवऱ्यांची पैजही गेली. आपण ह्या ससाण्याला माणसाळवून दाखवू, असा निश्चय त्याची कॅथरिन आरंभीच प्रेक्षकांना ऐकवते. म्हणजे लग्न तिच्या इच्छेने होते. शेवटी पेट्रुकियो कबूल करतो की धन्याचा आव हा नुसता मुखवटा होता आणि तो मी आनंदाने उतरवितो. हे सर्व सभ्य, सुसंस्कृत आणि अठराव्या शतकाला शोभणारे. परंतु गॅरिकने आणखी एक गोष्ट केली तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. कॅथरिनाच्या भाषणातला शेवटचा मोठा तुकडा त्याने तिच्या मुखातून काढून पेट्रुकियोच्या मुखी घातला. नवरा बायकोचा हात धरून पुढे येतो आणि पत्नीधर्म स्वतःच प्रेक्षकांना सांगतो. ती लाजून उभी. जुलमी नवऱ्याच्या नाटकात तिला जे चव्वेचाळीस ओळींचे राज्य मिळाले होते ते सज्जन नवऱ्याच्या नाटकात गेले! १७५६ च्या प्रयोगात वुडवर्ड आणि किटी क्लाइव्ह ही नटमंडळी ह्या भूमिकांत होती. त्यांचे एकमेकांशी पटत नसे आणि रंगमंचावरची धक्काबुक्की खरीच असे, अशा आख्यायिका आहेत. पुढे केम्बलच्या काळापासून पेट्रुकियोच्या हाती चाबूक आला. तो शेक्सपिअरच्या संहितेत नाही.

मूळ नाटक १८४४ साली हेमार्केट नाट्यगृहात बेंजामिन वेबस्टर आणि प्लांशे ह्यांनी, पडदे आणि पाट्या एवढ्याच सामग्रीवर परत आणले. तोवर काळ असा पालटला होता की मूळ परत येताच ते बोचू लागले. १८९७ साली बर्नार्ड शॉने लिहिले की शेवटचा प्रवेश आधुनिक मनाला किळसवाणा वाटतो आणि सभ्य पुरुषाला तो स्त्रियांच्या शेजारी बसून पाहताना लाज वाटेल. त्यानंतर दिग्दर्शकांना भाषण मोडण्याची नवीनवी साधने शोधावी लागली. १९२९ च्या बोलपटात मेरी पिकफर्डच्या कॅथरिनाने भाषण करताना बियांकाकडे पाहून डोळा मिचकावला. पेट्रुकियो होता तिचा खरा नवरा डग्लस फेअरबँक्स, आणि चाबूक दोघांच्याही हाती होता. १९३६ साली त्यांचा घटस्फोट झाला. झेफिरेल्लीच्या १९६७ च्या चित्रपटात एलिझाबेथ टेलरने भाषण सरळ, गंभीरपणे केले आणि ते संपताच ती दारातून निघून गेली. रिचर्ड बर्टनला तिच्यामागे धावावे लागले. मला ही युक्ती पिकफर्डच्या डोळ्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. डोळा मिचकावला की आधीची उपासमार पुसली जाते; निघून गेल्याने काहीच पुसले जात नाही.

ही कथा भारतात आली ती शॉच्या लेखाच्याही पुष्कळ आधी. १८५२ साली सुरतेला 'नठारी फिरंगीज ठेकाणे आवी' ह्या नावाने तिचे गुजराती रूप रंगभूमीवर झाल्याची नोंद रंगेतिहासात आढळते. वाईट चालीची बाई ठिकाणावर आली, हा निकाल शीर्षकातच. मराठीत फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे 'त्राटिका' केले. संगीत नाटकाच्या ऐन भरात गद्य नाटके निष्ठेने करणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीने ते गाजविले. गणपतराव जोशी प्रतापराव होत आणि बळवंतराव जोग त्राटिका. आगरकरांच्या 'विकारविलसिता'त हॅम्लेटच्या भूमिकेने ज्यांनी महाराष्ट्र हलविला तेच गणपतराव ह्या भूमिकेत प्रेक्षकांना हसवीत.

नावाचा प्रश्न येथे अवश्य उपस्थित होतो. कॅथरिना हे इंग्रजीत कोणाचेही नाव असू शकते. तिला कजाग ठरवितात ती भोवतालची माणसे. त्राटिका ही रामायणातली राक्षसी, विश्वामित्राच्या आज्ञेने रामाने बाणाने मारलेली. बापाने पोटच्या मुलीला असे नाव ठेवल्यावर नायिका दोषी की निर्दोष हा प्रश्न पडदा वर जाण्यापूर्वीच सुटतो, आणि प्रतापरावाच्या पाठीशी आपोआप कोदंडधारी उभा राहतो. पण ती त्राटिका एक पुरुष नट वठवीत असे, हेही विसरता येत नाही. शेक्सपिअरच्या काळी कॅथरिनाचे काम मुलगाच करी. दोन्हीकडे पत्नीधर्म सांगणारा आवाज मुळात पुरुषाचा होता, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक होते.

'त्राटिके'चा काळ पाहिला म्हणजे ह्या हास्यामागे केवढा कलह होता ते ध्यानी येते. १८८४ साली दादाजी भिकाजी ह्यांनी आपली पत्नी रखमाबाई नांदावयास येत नाही म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी दावा फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी रखमाबाईंना हुकूम दिला की नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुण्यामुंबईची वृत्तपत्रे ह्या एका खटल्यावरून दुभंगली, आणि तो निवळतो न निवळतो तोच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. हाक मारल्यावर बायको येते की नाही, ही पाद्वातली पैज येथे न्यायालयात लागली होती. केळकरांच्या डोळ्यांपुढे तो खटला होता असे मी म्हणत नाही. पण ज्या प्रेक्षकांनी सकाळी ती वृत्तपत्रे वाचली त्यांतलेच कित्येक पुढे 'त्राटिका' पाहावयास बसले असतील, आणि पतीच्या घरी माणसाळणारी त्राटिका पाहून त्यांतील पुष्कळांना हायसे वाटले असेल. शेक्सपिअरच्या शेवटच्या प्रवेशात न येणाऱ्या दोघी बायकाही आहेत. त्यांच्याकडे आपल्या टीकेने कधी पाहिले नाही. बियांका आणि ती विधवा ह्यांना कोणी शिक्षा करीत नाही, त्यांचे नवरे हरलेली पैज चुकती करतात, आणि नाटक संपते तेव्हा त्या आपापल्या जागी बसलेल्याच असतात.

खटला १८८८ साली दोन हजार रुपयांच्या तडजोडीने मिटला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनला वैद्यक शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. नवऱ्याच्या घरी त्या कधीच गेल्या नाहीत. पुढे अनेक वर्षे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयात काम केले ते सुरतेस, जेथे वाईट चालीची फिरंगीज ठिकाणावर आली होती त्याच गावी.